माळावरचे फुटके आरसे

ती घटना आजही आठवली की मी खुर्चीतून उठतो आणि अंगणात फेऱ्या मारू लागतो.

सत्तरच्या दशकाची अखेर होती. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. केनवडच्या बाजूला, मी फौजदार होतो त्या ठाण्याच्या हद्दीत, एका उघड्या माळावर सरकारी खर्चाने सूर्यशक्तीचे वीजकेंद्र उभे राहिले होते. पन्हाळीसारख्या मोठ्या आरशांच्या रांगांवर ऊन धरायचे, त्या उन्हाने पाण्याची वाफ करायची आणि तिच्यावर वीज काढून विहिरीचा पंप चालवायचा, असा तो प्रयोग होता. सोमवारी नागपूरहून वरिष्ठ तपासणीला येणार होते. शुक्रवारी सकाळी केंद्राचे इंजिनियर फिर्याद घेऊन आले. रात्रीत कोणीतरी दगड घालून सगळे आरसे फोडले होते.

त्या वर्षी पाऊस लांबला होता आणि आरशांमुळे ढग पळतात, असे गावात बोलले जात होते. त्यातच आमच्या खबऱ्याने सांगितले की, केंद्राचा चौकीदार बाजारात म्हणाला होता, "हे आरसे फुटले तं बरं होईन." मी त्याच दुपारी त्याला भर चावडीवरून उचलले.

चौकीदार चाळिशीचा, बौद्ध समाजातला, शांत माणूस होता.

"बोलला होतास?" मी विचारले.

"बोललो. झूट कायले सांगू? दुपारची आरशाची तिरीप घरात येते, बायकोचे डोये दुखून राह्यले. पन मी फोडले नाही."

"पहाऱ्यावर का नव्हतास?"

"इंजिनियर साहेबानंच घरी धाडलं."

इंजिनियर नाही म्हणाले. शिकलेल्या माणसाचा शब्द मी खरा धरला आणि चौकीदाराला दोन थोबाडीत दिल्या. तो तेच सांगत राहिला. वरून फोन येत होते, सोमवार जवळ येत होता. मला एका जागी बसवेना.

शनिवारी सकाळपासून त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसून होती. हवालदाराने दोनदा उठवले, तरी हलली नाही. शेवटी मीच बाहेर गेलो.

"साहेब, आरसे रोज संध्याकायी पालथे करून ठेवतात," ती म्हणाली. "पाठीले पत्रा हाय. पालथ्या आरशाले दगड कसा लागन? उताने कोनं केले?"

मी आत जाऊन पंचनामा काढला. माझ्याच अक्षरात लिहिले होते : आरशांची तोंडे आकाशाकडे, दगड व काचा आरशांच्या पन्हाळीत पडलेल्या. फिर्यादीत इंजिनियर म्हणत होते की, सायंकाळी आरसे पालथे करून हँडल खोलीत ठेवले. त्या हँडलशिवाय आरसा जागचा हलत नसे. खोलीचे कुलूप शाबूत होते आणि किल्ली एकच, इंजिनियरांकडे.

तासाभरात मी त्यांच्यासमोर दोन्ही कागद ठेवले. त्यांनी ते वाचले आणि चष्मा काढला.

"वाफ धरतच नव्हती," ते म्हणाले. "चार महिने मी पंप चालल्याचे अहवाल पाठवत होतो. सोमवारी काय दाखवणार होतो?"

त्यांना अटक केली. चौकीदाराला सोडताना मी नजर चुकवत म्हणालो, "जा आता घरी."

तो जागचा हलला नाही. "साहेब, गावात येऊन सांगसान का, का मी फोडले नाही म्हून?"

"सांगू," मी म्हणालो आणि दुसऱ्या कामाला लागलो. पुढे केंद्र बंद पडले, त्याची नोकरी गेली. महिनाभराने हवालदार सहज बोलून गेला की, गाव अजून त्याला 'आरसेफोड्या' म्हणते. पोरीची सोयरीकही त्यावरून मोडली होती.

दुसऱ्याच दिवशी मी वर्दीत त्याच चावडीवर गेलो. लोक गोळा केले, त्याला बोलावून घेतले आणि सर्वांसमोर सांगितले की, हा माणूस निर्दोष आहे, चूक माझी झाली. लोक पांगले. तो मात्र थांबला.

"बोलले ते बरं केलं," तो म्हणाला. "पन सोडलं त्याच दिवशी याले पायजे होतं, साहेब."

तपास कसा करावा, हे मला वरिष्ठांनी शिकवले. पण आपण माणसाला उचलतो चारचौघांत आणि सोडतो मात्र कागदावर, हे मला त्या चावडीवर कळले. पुढच्या सगळ्या नोकरीत चुकून आणलेल्या प्रत्येक माणसाला मी स्वतः त्याच्या गावी पोहोचवले, तेही दिवसाढवळ्या. त्या पोरीची सोयरीक मात्र पुन्हा जुळली की नाही, हे विचारायचे धैर्य मला कधी झाले नाही.