उंदरांचं उतरलेलं वजन

मी नांदेडला फार्मसीत पीएचडी करत होते. एका झाडाच्या पानांचा अर्क लठ्ठ उंदरांना द्यायचा आणि रोज त्यांचं वजन करायचं, हे माझं काम. तिसऱ्या आठवड्यात वजनं उतरायला लागली आणि माझी गत उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग अशी झाली.

धाकटी बहीण निलंग्याजवळ आमच्या गावी होती. ‘मुलगी अंगानं जरा जास्तच आहे’ म्हणून दोन स्थळांनी तिला नाकारलं होतं. दिवाळीला गेले तेव्हा त्याच पानांची भुकटी मी तिला डबाभर दिली, रोज एक चमचा उकळून प्यायला. सरांना विचारलं नाही. पानंच तर आहेत, अशी मनाची समजूत घातली. शिकलेल्या बाईनं असं म्हणावं, याची मला आजही लाज वाटते.

महिनाभरानं उंदरांच्या यकृताच्या स्लाइड आल्या. सूज होती. सरांनी पुन्हा निरखून बघितलं आणि म्हणाले, “डोस कमी करून सगळं परत करावं लागेल.” ते उंदरांबद्दल बोलत होते. मी बहिणीला फोन लावत होते आणि ती उचलत नव्हती.

तशीच लातूरची एसटी धरली. सीटवर बसवेना. अहमदपूरला चहा घेतला, तो अर्धा टाकून दिला. लातूरला निलंग्याची गाडी लागेपर्यंत फलाटावर येरझारा घालत राहिले.

घरी पोचले तर ती भाकरी थापत होती. ब्लाऊज दंडाला सैल झालेलं, चेहऱ्यावर कधी नव्हे तो आनंद. मी सगळं सांगितलं आणि डबा मागितला.

“उद्या लातूरला रक्त तपासू,” मी म्हणाले.

“तपासू की. पण पाहुण्यांनी होकार कळवलाय, आक्का. लगीन होईस्तोवर घेते, मंग सोडते.”

डबा मी मोरीत रिकामा केला. ती भांडली नाही.

“मंग झाड कोणतं हाय, तेवढं तरी सांग.”

मी सांगितलं नाही.

सकाळी उठले तर तिचं अंथरूण रिकामं. ती शेतात, बांधावर होती. एकेका झाडाचं पान तोडायची, चावायची, चव जुळते का बघायची आणि थुंकायची. ते झाड आमच्या बांधावरही होतं, विहिरीकडून चौथं. ती तिसऱ्यापाशी पोचली होती. मी अनवाणीच पळत सुटले.