डाव्या बाजूचा टक्स

आमच्या सास्तूर गावात ब्लाऊज शिवायला बाई अंगाचं माप देत नाही, मापाचा ब्लाऊज पाठवते. जुना, बसणारा, काखेत विटलेला. माझी आई गावाचं शिवणकाम करते, ती त्यावरूनच कापते. कितीतरी बायांचं शरीर असं वर्षानुवर्षं एका जुन्या कापडात थांबलेलं असतं. खरं अंग पुढं निघून गेलेलं असतं आणि ते कुणीच पाहिलेलं नसतं, तिनंसुद्धा.

शेजारच्या काकू दिवाळीनंतर नवा ब्लाऊज परत घेऊन आल्या. "डावीकडं सैल व्हतोय," म्हणाल्या. आईनं टक्स घेतला, म्हणजे तेवढं कापड चिमटीत धरून शिवून टाकलं. संक्रांतीला त्या पुन्हा आल्या. पुन्हा डावी बाजूच. शिमग्याआधी तिसऱ्यांदा.

"आक्का, माझा हात वाकडा झालाय का तुमी?" आईनं विचारलं.

"तुझाच. गावात सरळ बाई मी एकलीच हाय."

दोघी हसल्या. आईनं टक्स घेतला आणि ब्लाऊज खिळ्याला अडकवला. दुपार होती, पंखा चालू होता. वाऱ्यानं उजवी कटोरी भरायची, पडायची, पुन्हा भरायची. श्वास घेतल्यासारखी. डावी हलत नव्हती. शेवटी मी उठून पंखा बंद केला. तो थांबल्यावरही उजवी एकदा सावकाश फुगली, असं मला वाटलं.

मी वाचायला शिकले ती वडिलांनी मोर्चांतून आणलेल्या पत्रकांवर. आता स्वतः पत्रकं लिहिते. तेव्हा बायांच्या छातीच्या आजारावर लिहीत होते, कारण शाळेत बाईंनी शरीराच्या धड्यातलं ते पान न वाचताच उलटलं होतं आणि त्याचा राग अजून गेलेला नाही. पत्रकासाठी मी चित्र काढलं होतं. खाली फासळ्यांचा पिंजरा, त्यावर छातीचा पसरट स्नायू, त्यावर स्तन. आणि कातडीपासून पार आतपर्यंत गेलेले बारीक तंतू, ज्यांनी स्तन सावरून धरलेला असतो. आत वाईट गाठ धरली तर ती हे तंतू ओढू लागते. हे चित्र मी कुणालाच दाखवलं नव्हतं.

संध्याकाळी काकू ब्लाऊज न्यायला आल्या तेव्हा आई म्हणाली, "घालूनच दावा, आक्का." मी दार लावलं. काखेत आवळतोय का ते बघायला आईनं त्यांना हात वर करायला सांगितलं. हुक अजून लावले नव्हते. हात वर गेले तशी उजवी बाजू वर आली. डावी आली नाही. तिथली कातडी एका जागी आत गेली आणि बोट मावेल एवढा खळगा पडला. हात खाली आले, खळगा गेला.

"पुन्हा करा," मी म्हणाले.

पुन्हा पडला.

"आतनं कुणीतरी दोरा ओढतंय," आई हळूच म्हणाली.

माझं चित्र तिनं पाहिलेलंच नव्हतं.

"दुखत तर न्हाय," काकू म्हणाल्या.

"सुरुवातीला दुखत नाहीच, काकू," म्हणत मी पाठ केल्यासारखी बोलत सुटले. त्या ऐकत नव्हत्या. मान वाकवून स्वतःकडं बघत होत्या, परक्याच्या घरात डोकावावं तशा.

"वैशाखात लेकीचं लगीन हाय. तंवर गप बसा दोघी. तू आनिक एक टक्स घे."

"न्हाय घेत." आईनं कात्री खाली ठेवली. "टक्स घेतला की बसतंय, बसलं की तुमी इसरताय. तीनदा म्याच झाकलं ते."

काकू बराच वेळ हुक लावत राहिल्या. मग म्हणाल्या, "लोहाऱ्याची जीप सकाळी कितीला सुटती?"

लोहाऱ्याच्या दवाखान्यातून त्यांना सोलापूरला पाठवलं. लग्न पुढं ढकललं. डावा स्तन काढावा लागला.

श्रावणात त्या आल्या त्या रिकाम्या हातानं. "मापाचा ब्लाऊज आता कामाचा न्हाय. अंगावरच घे."

आईनं टेप लावली. डावीकडं व्रण होता, आणि पातळ कातडीखाली लगेच फासळ्या. मोजता येत होत्या. माप लिहायला आईनं पेन्सिल उचलली आणि ती थांबली. टेप हलत होती. आईचा हात स्थिर होता. व्रणाच्या खाली, दोन फासळ्यांच्या मधे, कातडी आतून उचलली जात होती, बसत होती, पुन्हा उचलली जात होती. इतकं उघडं काळीज मी कधी पाहिलं नव्हतं. काकूंनीही खाली पाहिलं.

"लिही," त्या आईला म्हणाल्या. "हालतंय ते धरून लिही."