चाकूचं टोक बिबट्याच्या खांद्यात

आता काय आणि कुठून सांगू तुम्हाला, पण गोदामाईची शपथ, या किश्श्यातला शब्द न् शब्द खरा आहे. बिबट्या सोडून. म्हणजे बिबट्या नव्हताच. आणखी एक गोष्ट नव्हती, पण ती शेवटी सांगेन. बाकी सगळं खरं, आणि त्या बाकी सगळ्याचाच मला संताप आहे.

मूळ दोष फ्रीजचा. एका दाराचा फ्रीज, वॉरंटीसुद्धा संपलेली नाही, आणि फ्रीझरमध्ये बर्फ जमतो म्हणजे हिमालय जमतो. रविवारी सकाळी मीना, म्हणजे आमच्या सौ., भाजीला गेली होती आणि मला चहा हवा होता. दुधाची पिशवी बर्फात गाडलेली. अशा वेळी फ्रीज बंद करून बर्फ वितळायची वाट बघायची असते, हे मलाही कळतं. पण चहाची तल्लफ आलेल्या माणसाला असलं ज्ञान काय कामाचं? हाताशी आण्णांचा चाकू होता.

आण्णा म्हणजे माझे सासरे. ओझरला विमानांच्या कारखान्यात नोकरी करून रिटायर झालेले. चाकू त्यांच्या वडिलांचा, घडीचा, शिंगाच्या मुठीचा. पातं असं, की कागद नुसतं त्याच्याकडे बघून फाटेल. दिवाळीत त्यांनी तो मला दिला. दिला म्हणजे टेबलावर ठेवला आणि मी उचलला. चाकू हातातून हातात दिला की भांडण होतं ना.

"आपल्यात भांडण नको," आण्णा म्हणाले. "पेरू कापा, आंबा कापा. डबे तेवढे उघडू नका."

डबे उघडू नका म्हणाले. फ्रीजबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नव्हतं. हे मी कोर्टातही सांगेन.

मी बर्फात चाकू खुपसला. कट्ट झालं. मग सुस्स झालं. कट्ट म्हणजे चाकूचं टोक मोडलं आणि सुस्स म्हणजे फ्रीजचा गॅस गेला. टोक फ्रीझरच्या भिंतीत असं रुतलं की निघता निघेना. मी दार लावलं आणि वरून चिकटपट्टी मारली.

मीना आल्यावर सांगितलं, "फ्रीज आपोआप गेला. गॅस गळतोय. मेकॅनिक येईपर्यंत दार उघडू नकोस, विषारी असतो."

आणि मग मी कंपनीवर जो भडकलो. ही काय वस्तू बनवायची पद्धत झाली? गिऱ्हाइकाला काय खुळा समजतात? मीनाला फोन लावायला लावला आणि मागे उभा राहून एकेक वाक्य पुरवलं. दुपारपर्यंत माझी स्वतःचीच खात्री पटली होती, की दोष कंपनीचा आहे.

राहिला चाकू. तो मीनाला माझ्या खिशात सापडला. "आण्णांना कळायच्या आत दुरुस्त करून आणू," म्हणाली आणि मला घेऊन भद्रकालीत रफिकभाईकडे गेली. धार लावण्यात रफिकभाईचा हात कुणी धरत नाही. आणि बोलण्यात तर नाहीच नाही.

त्यानं चाकू उलटासुलटा केला. "पुराना माल है साब. तीन रास्ते हैं. वेल्डिंग मारू, तो नोक लाना पडेगा. उसमें पोलाद का पानी उतर जाता, फिर टूटेगा. नया पातं डालू, तो मूठ ससुरजी की और पातं मेरा. नहीं तो घिसके नयी नोक निकालू. छोटा होगा, पर असली रहेगा."

"घासा," मी म्हणालो.

"पर टूटा किसपे? पत्थर पे टूटा तो अंदर चीर जाती. सच बोलो, नहीं तो घिसते घिसते हात में आएगा."

"मऊ वस्तूवर."

"मऊ वस्तूवर पोलाद मोडतं होय?" मीना म्हणाली.

नारळ म्हणता आलं असतं. दगड म्हणता आलं असतं. पण आदल्या दिवशी मी निफाडकडे मित्राच्या मळ्यात गेलो होतो, आणि तिथं दिवसभर उसातल्या बिबट्याच्याच गप्पा चालल्या होत्या. तोंडातून तोच निघाला.

"काल निफाडकडे मळ्यात बिबट्या आला होता. मी चाकू फेकला. खांद्यात लागला, टोक आतच राहिलं."

"अहो, मग सांगितलं का नाहीत?"

"तू घाबरली असतीस."

रफिकभाईनं चाकू कपाळाला लावून मला परत दिला. "ये मैं नहीं घिसूंगा. ये निशानी है." घ्या. दुरुस्तीचे तीन रस्ते होते, तिन्ही बंद. शेजारी एक जण कोयत्याला धार लावून घेत होता. तो माझ्याकडे असा बघत होता, जसं आजवर कुणी बघितलं नव्हतं. मला ते आवडलं, खोटं कशाला बोलू?

घरी पोहोचेपर्यंत मीनानं आण्णांना फोन लावलेलाही होता. लग्नाला वीस वर्षं झाली, त्यात या माणसानं मला "बरं" याच्यापलीकडे शब्द दिला नव्हता. ते म्हणाले, "वाघ आहे माझा जावई. चाकू मोडावा तर असा मोडावा." सगळ्या कॉलनीला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी ओझरहून बस पकडून घरी हजर.

ते सोफ्यावर बसतात न बसतात तोच दारात वनखात्याची जीप. एक साहेब आणि एक गार्डबाई. कोयतेवाला नेमका त्या मळ्याच्याच गावचा निघाला, त्यानंच वर्दी दिली होती.

"जखमी बिबट्या चवताळलेला असतो," साहेब म्हणाले. "लोक शेतात जायला तयार नाहीत. कुठल्या दिशेला गेला? आणि वन्यप्राण्याला जखमी करणं गुन्हा आहे. चाकू जमा करावा लागेल."

आता मला सांगा, सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी घसा फोडून सांगतोय की गच्चीवरची टाकी गळते. खरं सांगतोय, तर कुणी ढुंकून बघत नाही. आणि एका थापेवर दारात सरकारी जीप. ही काय रीत झाली?

"साहेब, बिबट्या नव्हता."

"घाबरू नका. काय ते सांगा."

"खरंच नव्हता हो."

"मग चाकूचं टोक कुठंय?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एकीकडे तुरुंग, दुसरीकडे मीना. मी तुरुंगाचा मनापासून विचार केला.

शेवटी उठलो आणि फ्रीजची चिकटपट्टी ओढली. बर्फाचं पाणी झालेलं, दुधाची पिशवी फुगून टम्म, आणि फ्रीझरच्या भिंतीत टोक असं चमकत होतं, जणू शोरूममधून बसवूनच आलंय.

गार्डबाई वाकून म्हणाल्या, "नेम चांगलाय."

साहेबांनी टोपी घातली. "पुन्हा बिबट्या दिसला, तर आम्हाला कळवू नका."

मीनानं फ्रीजच्या कंपनीचा नंबर लावला आणि फोन माझ्या हातात दिला. "बोला. आता तुम्हीच बोला."

आण्णांनी हात पुढे केला. मी चाकू टेबलावर ठेवायला गेलो.

"टेबलावर नको," ते म्हणाले. "हातात द्या."

आता ती राहिलेली गोष्ट. बिबट्या रचलेला, हे तुम्हाला सुरुवातीलाच सांगितलं. पण 'वाघ आहे माझा जावई' हेसुद्धा मीच रचलंय. आण्णा असलं काही म्हणाले नाहीत, कॉलनीत कुणाला सांगितलं नाही, आणि बसनं आले ते चाकू न्यायला. मीनानं त्यांना फोनवर एका दमात तिन्ही बातम्या दिल्या होत्या, फ्रीज बंद पडला, चाकू मोडला, बिबट्या आला.

सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "बर्फ किती जमला होता?"