तळमजल्याच्या पाटीवरची दोन नावे

व्यक्ती: कै. प्रभाकर तेंडोलकर सर, पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक, राहणार विक्रोळी. लिहिणार: मी, दत्ताराम घाडी, अर्जलेखक. तारीख: सरांच्या वर्षश्राद्धानंतरचा सोमवार. साक्षीदार: एक खारदांड्याच्या, एक साकीनाक्याचे, परस्परांस अपरिचित.

सर कोर्टाबाहेरील माझ्या टेबलाशी प्रथम आले ते पत्नी नलिनीबाई वारल्यानंतर. सोसायटीने तळमजल्यावरील नावांच्या पाटीवरून बाईंचे नाव पुसले होते. ते परत लिहावे, एवढाच अर्ज. मी कारण विचारले.

"लिही रे. दोन तारे एकमेकांभोवती फिरतात. थोरला आधी संपतो, स्फोट होतो. बऱ्याच जोड्या तिथंच तुटतात. काही तुटत नाहीत. मेलेला काळोख होऊन फिरतच राहतो."

"दिसत नाही, तर आहे कशावरून?" मी कायद्याचा मुद्दा काढला.

"जिवंत असलेला डुलता मां, त्यावरून." सर गावच्या मालवणीवर आले.

मी लिहिले, 'एक तारा मयत झाला असता जोडीचा हक्क अबाधित राहतो.' सर इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

सोसायटीचे उत्तर आले नाही. सर मात्र चौकशीला येत राहिले. चहा माझ्याकडून, आकाश त्यांच्याकडून.

"सर, दुसराही विझला तर?"

"उजेड संपला. उरतं कृष्णविवर, नाहीतर न्यूट्रॉन तारा. त्याचा चमचाभर ऐवज डोंगराएवढा जड. तरी जोडी फिरते. युगानुयुगं जवळ येत शेवटी एक होते, तेव्हा अवकाश थरथरतं. ते टिपायला कोसभर लांब नळ्यांतून लेझर सोडतात."

"हायवेवरच्या ट्रकनेही थरथरेल की."

"म्हणून असली यंत्रं दोन, दोन साक्षीदारच म्हण, एकमेकांपासून लांब. एकच ट्रक दोघांना हलवू शकत नाही. दोघंही तेच बोलले, तर खरं."

तेव्हापासून मी एकाच चाळीतले दोन साक्षीदार घेत नाही.

गतवर्षी सर गेले आणि पाटीवरील ओळच पुसली गेली. मी साक्षी मिळवल्या. सर मासळीला जात त्या खारदांड्याच्या हिराताई म्हणाल्या, "बाई गेल्याचं मला ठाऊक होतं. तरी पापलेट बघून बोलायचे, 'थांब गं, हिला विचारतो.' आणि घटकाभर समुद्राकडे बघत राहायचे." साकीनाक्याचे पंखेवाले मिस्त्री म्हणाले, "सर कायम बोलायचे, 'हिला विचारून सांगतो.' मला वाटलं, बाई घरी आहेत."

सबब, कार्यकारिणीस विनंती की, प्रभाकर व नलिनी ही नावे एकाच ओळीत पूर्ववत लिहावीत. जागा अपुरी असल्यास अगदी जवळजवळ लिहिली तरी चालतील. सरांची हरकत नसती. उत्तर लेखी द्यावे.