थट्टा आणि हेटाळणी

चाळीसेक वर्षांपूर्वी आरे कॉलनीतून जाणाऱ्या आमच्या बसचा कंडक्टर बोलताना फार अडखळायचा. तरी प्रत्येक स्टॉपचं नाव तो मोठ्याने पुकारायचा. आम्ही कॉलेजची पोरं त्याची नक्कल करून हसायचो.

एकदा मी जरा जास्तच केलं. तिकीट फाडताना तो थांबला. वाक्य पुरं करायला त्याला वेळ लागला, पण त्याने ते पुरं केलं.

"थट्टा असती ना, तर मीपण हसलो असतो. ही हेटाळणी आहे रे."

"मग पुकारता कशाला?" मी उर्मटपणे विचारलं.

त्याने दाराजवळ बसलेल्या अंध गृहस्थांकडे बोट केलं. "कुठे उतरायचं ते यांना कळणार कसं?"

मला मान वर करवेना. पुढच्या स्टॉपचं नाव त्याने अडखळत, पण अख्खं पुकारलं. ते गृहस्थ काठी सावरत उठले.