तात्या डॉक्टरांची तीन बोटं

पेणच्या बाजारात तात्या डॉक्टर दिसले की लोक नमस्कार करायचे, आणि तात्या म्हणायचे, "आ कर." मग भर रस्त्यात तीन बोटं उभी धरून, "एवढा उघडतो ना जबडा? जा, भाजी घे." त्यांच्या दवाखान्यात मी बारा वर्षं नर्स होते. या प्रकारापायी त्यांच्यासोबत बाजारात जाणंच मी सोडून दिलं.

त्यांचा राग मात्र गालगुंडावर. आमच्याकडे गळ्याच्या आसपास काहीही सुजलं की ते गालगुंडच, आणि त्यावर गेरूचा लेप. "गेरू तुळशीवृंदावनाला लावा रे!" तात्या करवादायचे.

एकदा धरमतरकडून हिराबाई आली. मिठागरात काम करणारी, धडधाकट बाई. हनुवटीपासून गळ्यापर्यंत गेरू, तोंडात गरम भात धरल्यासारखं बोलणं, ओठांतून लाळ.

"गालगुंड हाय. जाईल आपसूक," नवरा म्हणाला. "पण चार दिस झालं, गिळता येत नाय तिला."

तात्यांनी मला गेरू पुसायला लावला. खाली कातडी लालभडक आणि फळीसारखी टणक. तोंडात बोट जेमतेम एक गेलं.

"दाढ दुखत होती?"

"व्हय. म्हैनाभर मशेरी दाबून ऱ्हायली."

"मग गालगुंड कुठलं? दाढेचा पू गळ्यात उतरलाय."

हिराबाईला धाप लागली. "पड गो जरा," म्हणत नवरा तिला बाकावर आडवी करू लागला.

"झोपवू नको!" तात्या असे ओरडले की बाहेरचे पेशंट उभे राहिले. आडवी झाली असती तर श्वासाची वाटच बंद झाली असती. मुंबई गाठण्याइतका वेळ नव्हता. खुर्चीत बसवूनच पेनिसिलीन टोचलं, हनुवटीखाली बधिर करून चीर दिली. मी मागून डोकं धरलं होतं. "हलू नको हिराबाई, नायतर नवऱ्याचं नाक कापीन," तात्यांची थट्टा चालूच. घाण वासाचा पू वाहिला आणि हळूहळू श्वासाची घरघर थांबली. दाढ नंतर काढली. बाई वाचली.

त्या दिवशी मी औषधांच्या खोलीत गेले, तर तात्या स्टुलावर बसलेले. दोन्ही हात थरथरत होते.

"घाबरलात?"

"घाबरलो म्हणून तर झोपवू दिली नाही. ज्या दिवशी घाबरणार नाही ना सिस्टर, त्या दिवशी कुलूप लावायचं."

मी हसण्यावारी नेलं. काही वर्षांनी, एका दुपारी साधं गळू कापून झाल्यावर त्यांनी शांतपणे हात धुतले आणि दवाखान्याची किल्ली माझ्या हातात ठेवली.