दाव्याला बांधलेली बोट

मी बोटीवर इलेक्ट्रिशियन होतो, खलाशी नव्हतो, हे आमच्या चाळीसगावकडच्या लोकांना समजावता समजावता माझ्या तोंडाला फेस आला. सरकारचं सागरी खातं म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे पांढरी वर्दी आणि तोफा. अहो, वर्दीवाले वेगळे, आम्ही सिव्हिलियन वेगळे! बोट घेऊन जाणार ते. ती बंदराला लागली की हत्यारांची पेटी घेऊन शिडीने वर चढणार आम्ही. जनरेटर, पंप, पंखे, दिवे सगळं तपासायचं. खाऱ्या हवेने तारांचे जोड हिरवे पडतात, ते खरवडून नवे करायचे. संध्याकाळी भोंगा झाला की खाली उतरायचं आणि क्वार्टरवर जाऊन पिठलं-भात खायचा. एवढाच माझा समुद्र.

पण गावात माझं नाव 'बोटीवाला' पडलं ते पडलंच. पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट असेल. सरकारी नोकरी ऐकून स्थळं धावत यायची आणि बोट ऐकून धावत परत जायची. "पोर्‍या चांगला शे, पण पाणीवर ऱ्हास," म्हणजे मुलगा चांगला पण राहतो पाण्यावर, हे ऐकून ऐकून माझी आई रडकुंडीला आली होती. मला त्या आधीच्या नकारांचं काही वाटलं नव्हतं. या वेळी आलेल्या स्थळाची गोष्ट मात्र वेगळी होती, कारण ही मुलगी मी पाहिलेली होती. एका लग्नाच्या पंगतीत वाढताना तिने मला दटावलं होतं, "वरण घ्यायचं तर घ्या, नाहीतर उठा, मागे लोक उभे आहेत." तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. ती धुळ्याला डी.एड. करत होती आणि तिचं घर तिथून जवळच, पांझरा नदीच्या काठच्या गावात होतं.

दिवाळीच्या रजेत आईवडिलांना घेऊन मी तिच्या घरी गेलो. ओटीवर तिचे वडील होते, पण घरात शब्द चालायचा तिच्या आजोबांचा. त्यांना सगळे आबा म्हणत. शेव-मुरमुऱ्यांच्या ताटल्या आल्या, शेतीवाडी विचारून झाली आणि आबांनी मला पहिलाच प्रश्न विचारला.

"पोर्‍या, तुले पव्हता येस का?"

आता काय सांगायचं? आमच्या गावची नदी उन्हाळ्यात चप्पल न भिजवता ओलांडता यायची. पोहायला शिकायचं कुठे, रस्त्यावर?

"नही येत, आबा," मी म्हणालो. आईने कपाळाला हात लावला.

"मंग पाणीवर काय करस?"

"पाणीवर नही, आबा. बोट दाव्याले बांधेल ऱ्हास, तवयच मी वर चढस. दावं सोडाना आगोदर मी खाले."

"बैलना मायक?"

"हो, अगदी बैलासारखी! गोठ्यातल्या बैलासारखी बांधलेली असते."

आबा पहिल्यांदाच हसले. माझ्या वडिलांनी हळूच श्वास सोडला. इथे मी गप्प बसलो असतो तर काय बिघडलं असतं? पण आबांनी पुन्हा विचारलं, "म्हंजे तू समुद्रमा कधीच जात नही?" आणि त्या म्हाताऱ्या डोळ्यांकडे बघून माझ्याच्याने खोटं बोलवेना. दुरुस्ती पुरी झाली की कधीमधी चाचणीसाठी एखादा दिवस बोटीबरोबर समुद्रात जावं लागतं, असं मी सांगून टाकलं. वडिलांनी मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

आबा उठले आणि मागच्या गोठ्याकडे निघून गेले.

मग तिच्या वडिलांनी हळू आवाजात सांगितलं. आबांचा धाकटा भाऊ तरणाताठा असताना पांझरेच्या पुरात गेला होता. गावातला पट्टीचा पोहणारा. लोकांनी पैज लावली म्हणून त्याने उडी घेतली आणि आबा काठावर उभे राहून वाट बघत राहिले. तो बाहेर आलाच नाही. तेव्हापासून या घरातलं एकही मूल, पोरगा असो की पोरगी, विहिरीत पोहायला शिकल्याशिवाय शाळेत जात नसे. आबा स्वतः शिकवायचे. आणि पाण्याशी संबंध असलेल्या घरात पोरगी द्यायची नाही, असंही त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मी खाली मान घालून बसलो. संपलं, असंच वाटलं. शेवेची ताटली बाजूला सारली.

तेवढ्यात ती आतून बाहेर आली. डोक्यावरचा पदरही न सावरता ओटी ओलांडून थेट गोठ्याच्या दारात गेली. तिचा आवाज आम्हाला स्वच्छ ऐकू आला.

"आबा, माले पव्हाले तुम्हीच शिकाडं ना? मंग यासले बी शिकाडा!"

तिची आई पुटपुटली, "काय ही कार्टी!" मग आबा परत आले. त्यांच्या हातात एक वाळका भोपळा होता, गळ्याला सोल, म्हणजे जाड दोर, बांधलेला, नातवंडांच्या कमरांना घासून गुळगुळीत झालेला. तो त्यांनी माझ्या मांडीवर टाकला.

"आधी विहीर," ते म्हणाले. "मंग हळद."

माझा जीव भांड्यात पडला आणि लगेच पुन्हा वर आला, कारण ती विहीर मी पाहिली. उरलेली सगळी रजा मी त्या थंडगार पाण्यात काढली. गावभर बातमी झाली. सरकारचा बोटीवाला भोपळा बांधून गटांगळ्या खातोय हे बघायला बायाबापड्या धुणी घेऊन येत. आबा पायरीवर बसून शिव्या देत, "पाय हालव रे, म्हशी!" नाकातोंडात पाणी गेलं की वाटायचं, जळो ते लग्न. आणि मग वर बांधावर ती दिसायची.

रजा संपत आली तेव्हा आबांनी माझ्या कमरेचा भोपळा सोडला. "जाय," म्हणाले. मी गेलो. मधे एकदा पार खाली गेलो, कानात नुसतं पाणी, पण पाय मारत राहिलो. पलीकडची भिंत हाताला लागली तसा वळलो आणि पायरीपाशी आलो. आबांनी कोपरापर्यंत हात पाण्यात घालून माझं मनगट धरलं. मी वर येऊन उभा राहिलो, धापा टाकून झाल्या, अंग कोरडं व्हायला लागलं, तरी ते सोडेचनात. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि मी बाहेर आल्याचं ते वर बांधाकडे तोंड करून ओरडून सांगत होते, "हाऊ निघना! हाऊ बाहेर निघना!"